घरांची अट केव्हां घालावी?

आज आपणांशीं बोलावयास बसलेला मी कांहीं इतिहाससंशोधक नव्हें, किंवा नगररचनेच्या शास्त्रांतला पंडितहि नव्हें. मॅट्रिक झाल्यावर शिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा केला, आणि परळ-लालबागच्या बाजूस एका प्राथमिक शाळेंत मुलांना अंकगणित व भूगोल शिकविण्यांत माझें बहुतेक आयुष्य गेलें. परंतु शाळामास्तराच्या हातीं एक असें पुस्तक असतें कीं, तें मोठमोठ्या इतिहासकारांनाहि सहसा पाहावयास मिळत नाहीं. तें म्हणजे शाळेचें जनरल रजिस्टर. त्यांत मुलाचें नांव, जन्मतारीख, पालकाचा धंदा, राहाण्याचा पत्ता, आणि शेवटच्या रकान्यांत शाळा सोडल्याचें कारण लिहिलेलें असतें. मी नोकरीस लागलों तेव्हां धंद्याच्या रकान्यांत ओळीनें ‘गिरणी’ हा एकच शब्द असे. १९८२ च्या संपानंतर शेवटच्या रकान्यांत ‘गांवीं गेला’ असें लिहिण्याची पाळी वारंवार येऊं लागली. पुढें वीस-पंचवीस वर्षांनीं गिरण्यांच्या जागीं उंच इमारती उभ्या राहूं लागल्या, तेव्हां त्याच रकान्यांत बदलापूर, टिटवाळा, नालासोपारा, विरार अशीं नांवें मीं स्वतःच्या हातानें लिहिलीं. शाळेच्या आसपास घरें वाढत होतीं आणि शाळेंतलीं मुलें कमी होत होतीं! हें कोडें मला नुसत्या अंकगणितानें सुटेना. म्हणून मी इतिहासाकडे वळलों.

आजचा विषय त्यांतूनच निघाला आहे. नवीं घरें बांधणारानें त्यांतला कांहीं हिस्सा बेताच्या मिळकतीच्या कुटुंबांसाठीं राखून ठेवावा, अशी अट शहरानें घालावी कीं नाहीं, आणि घालावयाची तर केव्हां, हा तो विषय होय. या वादांत बहुधा सर्वांचा भर ‘किती’ या शब्दावर असतो. कोणी म्हणतो दहावा हिस्सा, कोणी पांचवा, कोणी तिसरा. परंतु मुंबईचा सव्वाशें वर्षांचा इतिहास चाळून पाहातां मला असें दिसून आलें कीं, गरिबाला घर मिळालें कीं नाहीं हें ‘किती’ या शब्दापेक्षां ‘केव्हां’ या शब्दावर अधिक अवलंबून राहिलें आहे.

या इतिहासाचा आरंभ एका संकटानें होतो. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मांडवीच्या वस्तींत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं गांठीच्या प्लेगचे रोगी ओळखले, आणि पाहातां पाहातां सारें शहर भयभीत झालें. हजारों लोक मिळेल त्या आगगाडीनें व गलबतानें मुंबई सोडून गेले. गिरण्या ओस पडण्याची वेळ आली, तेव्हां कोंदट खोल्या, अरुंद गल्ल्या आणि तुंबलेलीं गटारें यांकडे सरकारचें व धनिकांचें लक्ष गेलें. १८९८ च्या कायद्यानें ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ची स्थापना झाली. नवे रुंद रस्ते काढणें, दाट वस्त्या मोकळ्या करणें, आणि गरीब लोकांसाठीं आरोग्यकारक खोल्या बांधणें, हीं कामें त्याच्याकडे सोंपविण्यांत आलीं. प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रस्ते ट्रस्टनेंच काढले. आग्रीपाडा, चंदनवाडी, नागपाडा या ठिकाणीं चाळीहि बांधल्या.

परंतु कामाचा क्रम चुकला. आधीं पाडावयाचें आणि मग बांधावयाचें, अशी रीत पडली. ज्यांचीं बिऱ्हाडें मोडलीं तीं कुटुंबें नव्या चाळी पुऱ्या होईपर्यंत रस्त्यावर थोडींच राहाणार होतीं! तीं शेजारच्या गल्लींत, आधींच भरलेल्या घरांत, पोटभाडेकरू म्हणून शिरलीं. म्हणजे एका वस्तींतील गर्दी मोडली आणि दुसऱ्या वस्तींत ती वाढली. ट्रस्टच्या पहिल्या काळांत पाडलेल्या खोल्यांच्या मानानें बांधलेल्या खोल्या फार थोड्या होत्या, ही तक्रार त्या वेळच्या लोकांनींच केलेली आहे.

याच ट्रस्टनें पुढें दादर, माटुंगा, वडाळा या बाजूची शेतजमीन ताब्यांत घेऊन तेथें सुरेख वसाहती आंखल्या. दादरची हिंदु कॉलनी, पारशी कॉलनी आणि माटुंग्याच्या पांच बागा आपण सर्वांनीं पाहिलेल्या आहेत. माझें भाषण ऐकणारीं कित्येक कुटुंबें तेथेंच राहात असतील. तेथें जमिनीचे तुकडे भाडेपट्ट्यानें देतांना ट्रस्टनें अटी घातल्या होत्या. इमारतीचे मजले किती असावेत, भोंवतीं मोकळी जागा किती सोडावी, हें सारें पट्ट्यांत आधींच लिहिलेलें होतें. आणि पट्टा घेणारांनीं तें मुकाट्यानें पाळलें. आज आपण ज्या झाडीची आणि मोकळ्या हवेची वाखाणणी करतों ती त्या अटींचें फळ आहे. जमीन हातांतून सुटण्यापूर्वी घातलेली अट पाळली जाते, याचा इतका डोळ्यांसमोरचा पुरावा दुसरा नाहीं. मात्र तेथील घरें मुख्यतः मध्यम वर्गाच्या वांट्यास आलीं. हमालाच्या किंवा गिरणीकामगाराच्या बिऱ्हाडाला त्या आंखणींत फारसें स्थान मिळालें नाहीं.

गिरणीकामगारासाठीं सरकारनें निराळा मार्ग काढला. १९२० सालीं गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दींत ‘डेव्हलपमेंट डायरेक्टोरेट’ हें खातें निघालें आणि पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडण्यांत आला. खर्चाला हातभार म्हणून मुंबईंत येणाऱ्या कापसावर दर गांठीमागें एक रुपया कर बसविला. प्रत्यक्षांत वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी या चार ठिकाणीं मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. यांनाच आपण बी. डी. डी. चाळी म्हणतों. खोली १६० चौरस फुटांची, आणि एका चाळींत अशा ८० खोल्या. म्हणजे साऱ्या मिळून साडेसोळा हजारांच्या आसपास झाल्या. संकल्पाचा तिसरा हिस्सासुद्धां पुरा झाला नाहीं. शिवाय वरळीच्या खोल्या गिरण्यांपासून लांब, भाडें कामगाराच्या ऐपतीबाहेरचें, आणि जवळपास बाजार नाहीं. त्यामुळें कित्येक खोल्या वर्षानुवर्षें रिकाम्या पडून राहिल्या. कायदेभंगाच्या चळवळींत तर वरळीच्या चाळींचा तुरुंग म्हणून उपयोग करण्यांत आला! तरीहि पुढील पिढ्यांत याच खोल्यांनीं हजारों कुटुंबांना आसरा दिला, हें विसरतां कामा नये. सांगावयाचें इतकेंच कीं, येथें भार कापसाच्या गांठीवर टाकण्यांत आला. शहर वाढल्यामुळें ज्या जमिनीची किंमत चढत होती, त्या जमिनीवर नव्हे.

याच सुमारास दुसरा उपाय चालू झाला, तो भाडेनियंत्रणाचा. पहिल्या महायुद्धांत घरभाडीं भडकलीं म्हणून १९१८ सालीं भाड्यांस आळा घालणारा कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ सालीं नवा कायदा होऊन १९४० च्या सप्टेंबरांतील भाडें हें प्रमाण ठरलें. भाडेकरूला त्या वेळीं या कायद्याची नितांत गरज होती, यांत शंका नाहीं. माझ्या वडिलांची खोली त्याच्याच आधारानें टिकली. परंतु युद्धकाळची सोय पन्नास वर्षें चालू राहिली. जुन्या भाड्यांत घरमालक छप्पर शाकारीना. जुन्या चाळी पावसाळ्यांत कोसळूं लागल्या. शेवटीं १९६९ सालीं इमारतींच्या दुरुस्तीसाठीं व पुनर्रचनेसाठीं निराळें मंडळ स्थापण्याचा कायदा करावा लागला. स्वस्त घराचा भार येथें जुन्या इमारतीवर पडला. नवी इमारत बांधणारा त्या भारांतून मोकळाच राहिला.

मग १९७६ सालीं नागरी जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचा कायदा आला. मुंबईसारख्या शहरांत कोणासहि ५०० चौरस मीटरपेक्षां अधिक मोकळी जमीन बाळगतां येऊं नये, जास्त जमीन सरकारनें घ्यावी आणि ती गरिबांच्या घरांसाठीं वापरावी, असा त्याचा हेतु होता. हेतु उदात्त, परंतु मोबदला नांवापुरता. त्यामुळें जमीनमालक न्यायालयांत गेले, किंवा सवलतीचे अर्ज घेऊन मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवूं लागले. सरकारच्या हातीं जमीन आली ती थोडी; उरलेली खटल्यांत आणि अर्जांत अडकून राहिली. मध्यवर्ती सरकारनें १९९९ सालीं हा कायदा मागें घेतला आणि महाराष्ट्रानें २००७ सालीं. ज्यांना अटी मुळींच नकोत ते या उदाहरणाचा आधार घेतात, आणि त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. ज्या अटीनें जमिनीच्या धन्याला कांहींच उरत नाहीं, ती अट जमीन गोठवून ठेवते, हा धडा १९७६ च्या कायद्यानें शिकविला आहे.

आतां गिरण्यांच्या जमिनीकडे वळूं. मुंबईच्या मध्यभागीं सुमारें ६०० एकर जमीन कापडगिरण्यांच्या ताब्यांत होती. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या पुढारपणाखालीं सुमारें अडीच लाख कामगारांनीं संप पुकारला. तो संप रीतसर मिटला असें कोणी म्हणूं शकत नाहीं. तो विझत गेला. कित्येक गिरण्यांचीं धुराडीं पुन्हां पेटलींच नाहींत. कापड विणण्यापेक्षां जमीन विकण्यांत अधिक पैसा आहे, ही गोष्ट गिरणीमालकांच्या ध्यानांत आली होती. आणि ही जमीन विकण्यास परवानगी द्यावी कीं नाहीं, असा प्रश्न सरकारपुढें उभा राहिला.

त्याचें उत्तर १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलींत, ५८ व्या नियमांत, देण्यांत आलें. आणि माझ्या अल्पमतीप्रमाणें तें बरेंच शहाणपणाचें होतें. गिरणीची जमीन विकसित करावयाची झाल्यास तिचे तीन वांटे करावे. पहिला महापालिकेला, बागा व मैदानें यांसाठीं. दुसरा गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणाला, ज्याला आपण म्हाडा म्हणतों, सामान्यांच्या घरांसाठीं. आणि तिसरा मालकाला. जमिनीच्या आकाराप्रमाणें वांटे थोडे बदलत. पांच हेक्टरांपर्यंत महापालिकेस शेंकडा ३३, म्हाडास २७ आणि मालकास ४०. दहा हेक्टरांच्या वर महापालिकेस ३३, म्हाडास ३७ आणि मालकास ३०. हा हिशेब आमच्या शाळेंतला चौथीचा मुलगासुद्धां करील: ६०० एकरांतील सुमारें दोनशें एकर घरांसाठीं आणि सुमारें दोनशें एकर मोकळ्या हवेसाठीं!

पण या नियमांत एक फट राहिली होती. गिरणीच्या उभ्या असलेल्या इमारतीचा आंतल्या आंत निराळा उपयोग केला, तर जमिनीचे वांटे करावे लागत नसत. त्यामुळें ज्यांना घाई होती त्यांनीं जुन्या इमारतींतच दुकानें व करमणुकीचीं स्थळें काढलीं. आणि बाकीच्यांनीं कुलुपें लावून वाट पाहिली. १९९६ सालीं वास्तुशास्त्रज्ञ चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें गिरण्यांच्या जमिनी सुट्या सुट्या न पाहातां एकत्र आंखाव्यात, असें सुचविलें. पण तसें घडलें नाहीं. दहा वर्षें अशीं गेलीं. मालक म्हणत, दोन वांटे द्यावे लागत असल्यानें कोणीहि पुढें येत नाहीं, आणि जमीन विकल्याशिवाय कामगारांचीं थकलेलीं देणीं कोठून द्यावीं? हा युक्तिवाद कठोर वाटला तरी त्यांत तथ्य होतें. देण्यांसाठीं खेटे घालणारे कितीतरी पालक मीं स्वतः पाहिले आहेत.

तेव्हां २००१ सालीं नियम दुरुस्त झाला. वांट्यांची प्रमाणें तींच राहिलीं. परंतु ते वांटे साऱ्या जमिनीचे न करतां, जी जमीन ‘मोकळी’ असेल तिचेच करावे, असें ठरलें. गिरणी म्हटली कीं तिच्या आवारांतला बहुतेक भाग शेड, गुदामें आणि यंत्रशाळा यांनींच व्यापलेला असावयाचा. त्या पाडून जी जागा निघेल ती या नियमानें मोकळी धरावयाची नव्हती. तेव्हां वांटणी उरली ती मधल्या पटांगणाची! ‘किती’ हा आंकडा जसाचा तसा राहिला आणि घरांची जमीन मात्र निघून गेली. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेनें न्यायालयांत दाद मागितली. २००५ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या उच्च न्यायालयानें संस्थेच्या बाजूनें निकाल दिला. परंतु २००६ च्या मार्चमध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो फिरवून २००१ ची दुरुस्ती ग्राह्य ठरविली. न्यायालयाच्या निर्णयावर टीका करण्याचा माझा अधिकार नाहीं. मी फक्त तारखांकडे बोट दाखवितों. नियम झाला तेव्हां जमिनीला गिऱ्हाईक फारसें नव्हतें. जमिनीला सोन्याचा भाव येण्याच्या सुमारास नियमाचा अर्थ बदलला.

याचा परिणाम कामगारांच्या घरांवर काय झाला, तो एका आंकड्यावरून ध्यानांत येईल. २०१२ सालीं गिरणीकामगारांसाठीं घरांची पहिली मोठी सोडत निघाली, तेव्हां घरें होतीं ६,९२५ आणि अर्ज होते दीड लाखाच्या आसपास. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ कातणखात्यांत होते. सोडतीच्या दिवशीं ते नवा सदरा घालून गेले आणि संध्याकाळीं त्यांनीं तो घडी करून ठेवला. पुढच्या सोडतींची वाट पाहातां पाहातां ते वारले. अर्ज आतां त्यांच्या मुलाच्या नांवें आहे.

श्रोतेहो, ‘आधीं’ आणि ‘नंतर’ यांत एवढा फरक कां पडतो, हें समजण्यास अर्थशास्त्राचे ग्रंथ चाळण्याचें कारण नाहीं. कोंकणांत व्यापारी आंब्याची बाग खंडानें घेतो, तें उदाहरण पाहूं. बागेंत पांचशें करंड्या आंबा निघेल आणि करंडीस शंभर रुपये येतील, असा त्याचा अंदाज आहे. म्हणजे पन्नास हजार. राखण, तोडणी, हमाली, गाडीभाडें आणि स्वतःचा रास्त नफा मिळून तीस हजार. तर बागवाल्याला तो वीस हजार खंड देऊं करील. आतां गांवानें आधींच दवंडी पिटविली कीं, दर पांचांतली एक करंडी गांवच्या गरिबांना पन्नास रुपयांस द्यावी लागेल. व्यापारी पुन्हां हिशेब करील: चारशें करंड्यांचे चाळीस हजार, शंभर करंड्यांचे पांच हजार, एकूण पंचेचाळीस. त्यांतून तीस हजार वजा जातां उरले पंधरा. तो खंड वीसऐवजीं पंधरा हजार देईल. त्याचा नफा तोच, बाजारांतला भाव तोच. भार पडला तो बागवाल्याच्या चढत्या उत्पन्नावर. पण तीच दवंडी खंडाचे वीस हजार मोजून झाल्यावर पिटविली, तर? मग पांच हजारांची तूट व्यापाऱ्याच्या गळ्यांत पडेल. तो भांडेल, न्यायालयांत जाईल, किंवा बाग अर्धीच तोडून निघून जाईल.

आतां दुसरी बाजूहि पाहूं. एखाद्या हलक्या बागेच्या आंब्याला करंडीमागें बासष्ट रुपयेच येत असतील, तर एकूण एकतीस हजार आणि खंड अवघा एक हजार. तिच्यावर हीच अट लादली, तर एकूण २९,८०० रुपये येतील. खर्चच तीस हजारांचा असल्यानें ती बाग कोणी घेणारच नाहीं. तेव्हां मुंबईच्या मध्यभागीं जी अट सहज पेलेल, तीच एखाद्या लहान शहराच्या कडेला बांधकाम बंद पाडील. अट आधीं घालावी आणि ती जमिनीच्या कसाप्रमाणें घालावी, असा दुहेरी धडा यांतून मिळतो.

हा धडा आपणच शिकत आहों असें नाहीं. अमेरिकेंत मेरीलँड संस्थानांतील माँटगोमरी परगण्यानें १९७४ सालापासून असा नियम लागू केला कीं, पन्नास किंवा अधिक घरांची वसाहत बांधणारानें शेंकडा पंधरा घरें बेताच्या मिळकतीच्या लोकांसाठीं द्यावीं. आणि त्याबद्दल त्याला त्याच जमिनीवर कांहीं घरें जास्त बांधण्याची सवलत मिळावी. हा नियम टिकला, आणि त्यानें हजारों घरें दिलीं. मात्र तेथें निराळी चूक झाली. त्या घरांच्या किंमतीवरील बंधन प्रारंभीं थोड्याच वर्षांचें होतें. मुदत संपतांच तीं घरें बाजारभावानें विकलीं जाऊं लागलीं, आणि पुढें ती मुदत पुष्कळच वाढवावी लागली. सॅन फ्रान्सिस्को शहरानें २०१६ सालीं मतदारांचा कौल घेऊन मोठ्या इमारतींतील राखीव हिस्सा शेंकडा बारावरून पंचवीसवर नेला. लगेच वाद उठला कीं, ज्यांचे अर्ज आधींच दाखल आहेत त्यांचें काय? त्यांना अर्जाच्या सालाप्रमाणें कमी हिस्सा ठरवून द्यावा लागला. २०१७ सालीं भाड्याच्या घरांचा हिस्सा अठरावर आणला, आणि २०२३ सालीं, बांधकाम थंडावल्यामुळें, तो कांहीं काळापुरता आणखी खालीं आला. एकदम उडी मारून वर जावयाचें आणि पायरी पायरीनें खालीं यावयाचें, यापेक्षां आधीं सांगून पायरी पायरीनें वर जाणें बरें, असें त्या शहराची कथा वाचतांना वाटल्यावांचून राहात नाहीं.

आपल्याकडेहि २०१३ च्या नोव्हेंबरांत महाराष्ट्र सरकारनें नियम काढला. दहा लाखांवर वस्तीच्या महापालिकांच्या हद्दींत ४,००० चौरस मीटर किंवा अधिक जमिनीवर बांधकाम करावयाचें असेल, तर शेंकडा वीस हिस्सा दुर्बल व अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांच्या लहान घरांसाठीं द्यावा, आणि तीं घरें म्हाडाच्या सोडतींतून मिळावीं. आमच्या बागेंतली पांचवी करंडी ती हीच! या नियमाचें मी स्वागत करतों. पण जेथें रेघ ओढली जाते, तेथें रेघेच्या अलीकडे उभें राहाण्याची युक्तीहि सुचते, ही गोष्ट शाळामास्तराला सांगावी लागत नाहीं. मोठ्या जमिनीचे कागदावर लहान तुकडे पाडतां येतात. मोठीं घरें आधीं विकून राखीव घरें शेवटच्या इमारतींत ढकलतां येतात. आणि शेवटची इमारत कधीं कधीं उगवतच नाहीं. म्हणून ‘केव्हां’ हा प्रश्न एकदां विचारून भागत नाहीं. अट जमीन घेण्यापूर्वी घातली कीं नंतर? राखीव घरें इतर घरांच्या बरोबर पुरीं व्हावयाचीं कीं मागाहून? आणि तीं किती वर्षें राखीव राहावयाचीं? या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें नियमांत स्पष्ट लिहिलेलीं नसतील, तर शेंकडा वीस हा आंकडा ५८ व्या नियमांतल्या आंकड्यांप्रमाणें कागदावर शोभून दिसेल.

माझे कांहीं मित्र विचारतात, “मास्तर, आपलें घर तर आपण केव्हांच केलें, मग ही उठाठेव कशाला?” त्यांना मी एवढेंच म्हणतों कीं, आपल्या घरीं स्वयंपाकास येणाऱ्या बाई, इमारतीचा पहारेकरी, इस्पितळांतली परिचारिका आणि नातवंडांना शिकविणारा तरुण शिक्षक हे पहांटे किती वाजतां घरून निघतात, हें एकदां त्यांनाच विचारून पाहावें. माझ्या जागीं शाळेंत आलेला तरुण शिक्षक आसनगांवहून येतो. वर्गांत पाऊल टाकण्यापूर्वीच त्याचे दोन तास आगगाडींत उभ्यानें गेलेले असतात. शहरानें त्याला काम दिलें आहे. रात्रीं पाठ टेकावयास जागा दिलेली नाहीं.

यावर आपल्यासारख्यांना करतां येण्याजोगी एक साधी गोष्ट आहे. शहराचा विकास आराखडा किंवा नियमांतील दुरुस्ती पक्की होण्यापूर्वी सरकारला ती प्रसिद्ध करावी लागते, आणि नागरिकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. ही नुसती औपचारिक गोष्ट नव्हे. २०१५ च्या फेब्रुवारींत मुंबईचा नवा आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हां लोकांनीं हजारों हरकती नोंदविल्या, आणि दोनच महिन्यांत सरकारला तो मागें घेऊन नव्यानें तपासण्यास सांगावें लागलें. दुरुस्त आराखडा २०१८ सालीं मंजूर झाला. म्हणजे ‘केव्हां’ या प्रश्नाचें उत्तर देण्याची संधि नागरिकालाहि मिळते. पण ती मुदत थोड्या दिवसांची असते, आणि आपण बहुधा वर्तमानपत्रांतील ती बारीक अक्षरांतली सूचना न वाचतांच पान उलटतों. आपल्या हरकतींत आपल्या गच्चीबद्दल, आपल्या रस्त्याबद्दल, आपल्या गाडीच्या जागेबद्दल आपण लिहितोंच. त्यांतच एक ओळ अधिक लिहावी, कीं या जमिनीवर बेताच्या मिळकतीचीं घरें किती, कोणत्या इमारतींत आणि कोणत्या तारखेपर्यंत.

सेवानिवृत्तीच्या दिवशीं जनरल रजिस्टर नव्या मुख्याध्यापकांच्या हवालीं करण्यापूर्वी मीं तें एकदां चाळलें. जुन्या पानांवर पत्त्याच्या रकान्यांत शाळेपासून हाकेच्या अंतरावरच्या चाळींचीं नांवें होतीं. नव्या पानांवर मुलांचीं नांवेंच थोडीं होतीं, आणि निम्मीं पानें कोरीं होतीं. गिरण्यांच्या जमिनीवर आतां नव्यानें वांटणी करतां येणें नाहीं. परंतु बंदराच्या, रेल्वेच्या आणि मिठागरांच्या जमिनींची चर्चा या शहरांत चाललेली असते. त्यांच्याविषयींचा प्रश्न अजून ‘आधीं’च्या रकान्यांत आहे. तो ‘नंतर’च्या रकान्यांत जाण्यापूर्वी आपण तो विचारावा, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.